निलंबनाला आव्हान कसं द्यायचं: राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी

निलंबनाचा आदेश हातात पडला की पहिले काही दिवस माणूस एकच वाक्य सगळ्यांना सांगत सुटतो: "मी काही केलेलं नाही." घरच्यांना, संघटनेच्या अध्यक्षांना, केबिनबाहेर तासभर ताटकळून साहेबांनाही. ते खरं असेलही. पण त्याचा निकाल विभागीय चौकशीत लागायचा असतो आणि ती अजून सुरूही झालेली नसते. निलंबनाला आव्हान देताना विचारायचे प्रश्न निराळे आहेत. आदेश काढणाऱ्याला तो अधिकार होता का? चौकशी होईपर्यंत तुम्हाला कामापासून दूर ठेवण्याची खरंच गरज आहे का? आणि असेल तर कुठवर?

मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात गट-क मध्ये नोकरी करते आणि या सगळ्यातून गेले आहे. तेव्हा ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. एक म्हणे गप्प बसा, आपोआप परत घेतील. दुसरा म्हणे उद्याच हायकोर्टात जा. दोघांचंही चूक होतं. म्हणून इथे पायरीपायरीने लिहिते आहे. वकिलाची गरज यानं संपत नाही, पण वकिलाकडे जाताना हातात काय घेऊन जायचं ते कळेल.

१. आधी बघा, तुम्हाला कोणते नियम लागू आहेत

हा लेख राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात आणि निलंबन त्यातल्या नियम ४ खाली होतं. दाद मागायची ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो तिथे.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी यात येत नाहीत. त्यांचे शिस्त व अपील नियम १९६४ चे आहेत आणि त्यांना मॅटचा दरवाजा नाही, अपिलानंतर उच्च न्यायालय. खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे नियम १९८१ चे, तेही वेगळे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे केंद्रीय नियम आणि 'कॅट', म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारे निकाल. केंद्रीय नियमांतल्या नियम १० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ९० दिवसांच्या आत आढावा घेऊन मुदत वाढवली नाही तर निलंबन टिकत नाही. त्यावरचे निकाल राज्याच्या प्रकरणात जसेच्या तसे जोडणारे अर्ज मी पाहिले आहेत. समोरचा सादरकर्ता अधिकारी, म्हणजे मॅटमध्ये सरकारची बाजू मांडणारा, पहिल्याच तारखेला उभा राहून सांगतो की हा नियम यांना लागूच नाही. बरोबर मुद्दा हातात असून अर्ज लंगडा पडतो. आपल्यासाठी ९० दिवसांचा आधार दुसरीकडे आहे, तो पुढे सांगते.

२. आदेश ओळ न ओळ वाचा

आदेश बहुधा दीड-दोन पानांचा असतो आणि ठराविक साच्यात असतो. "ज्याअर्थी, श्री. अमुक यांच्याविरुद्ध विभागीय चौकशी करण्याचे योजिले आहे" किंवा "...फौजदारी गुन्ह्याच्या संदर्भात तपास चालू आहे", मग "त्याअर्थी, नियम ४ च्या पोटनियम (१) द्वारे प्रदान केलेल्या शक्तींचा वापर करून", आणि शेवटी "सदर आदेश अंमलात असेल त्या कालावधीत त्यांचे मुख्यालय अमुक राहील व पूर्वपरवानगीशिवाय त्यांना मुख्यालय सोडता येणार नाही." हातात पेन्सिल घ्या आणि पुढच्या गोष्टी तपासा.

*सही कोणाची?* निलंबित करण्याचा अधिकार नियुक्ती प्राधिकाऱ्याला, त्याच्या वरिष्ठाला, शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला किंवा शासनाने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला असतो. तुमचा नियुक्ती प्राधिकारी कोण हे तुमच्या नेमणुकीच्या आदेशावरून काढा, अंदाजाने नको. बढती झाली असेल तर आत्ताच्या पदाचा आदेश बघा. नियुक्ती प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने आदेश काढला असेल तर त्याने तो कोणत्या परिस्थितीत काढला याचा अहवाल नियुक्ती प्राधिकाऱ्याला ताबडतोब पाठवायचा असतो. तो पाठवलाच नाही अशी उदाहरणं असतात, आणि हा मुद्दा कागदावर सिद्ध होतो.

*कारण कोणतं दिलंय?* चौकशी योजली आहे, फौजदारी प्रकरण चालू आहे, की राज्याच्या सुरक्षिततेला बाधक कृत्य? एकही कारण नीट लिहिलेलं नसेल, नुसतं "कामात हलगर्जीपणा" एवढंच असेल, तर तिथे खूण करा.

*कधीपासून?* एरवी निलंबन मागच्या तारखेपासून करता येत नाही. अपवाद मानीव निलंबनाचा. पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त काळ गेला की अटकेच्या तारखेपासून निलंबन झालं असं मानलं जातं. लाच घेताना सापळ्यात पकडल्याच्या प्रकरणांत हे नेहमी घडतं. इथे अटकेची आणि सुटकेची वेळ, तारीख नव्हे, महत्त्वाची. अटक पंचनामा आणि जामिनाचे कागद मिळवून तास मोजा. मात्र एक लक्षात ठेवा: जामीन मिळाला म्हणून मानीव निलंबन संपत नाही, ते मागे घेण्याचा वेगळा आदेश लागतो.

आणि एक मुद्दा जो लोक हमखास घेतात पण चालत नाही: "मला आधी कारणे दाखवा नोटीस दिली नाही." निलंबन ही नियमांच्या भाषेत शिक्षा नाही, त्यामुळे आधी नोटीस देण्याचं बंधन नाही. अर्जात हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवलात तर बाकीच्या चांगल्या मुद्द्यांकडे वाचणाऱ्याचं लक्ष जायला वेळ लागतो.

३. निर्वाह भत्ता लगेच सुरू करून घ्या

आव्हान द्यायचं ते देऊच, पण घर आधी चाललं पाहिजे. १९८१ च्या नियमांतल्या (नाव लांबलचक आहे, निलंबन काळातील प्रदानांचे नियम म्हणून ते ओळखले जातात) नियम ६८ प्रमाणे पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेवर जेवढं वेतन मिळालं असतं तेवढा भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. म्हणजे मूळ वेतन ५०,००० असेल तर २५,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर आढावा होतो. चौकशी लांबण्यात तुमचा दोष नसेल तर भत्त्यात त्याच्याच निम्म्यापर्यंत वाढ होते, म्हणजे वरच्या उदाहरणात ३७,५०० पर्यंत. विलंब तुमच्यामुळे झाला असं ठरलं तर तो तेवढाच खालीही येऊ शकतो. ही वाढ कोणी आपणहून देत नाही. तीन महिने होताच लेखी मागा.

भत्त्यासाठी दर महिन्याला एक प्रमाणपत्र द्यावं लागतं: मी दुसरीकडे नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करत नाही. हे दिलं नाही म्हणून बिल अडलं तर दोष तुमच्यावर येतो. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काही कार्यालयं मुख्यालयात रोज येऊन सही करण्याचा आग्रह धरतात आणि सही नसेल तर भत्ता रोखतात. नियमातली अट या प्रमाणपत्राची आहे. तरी भांडण तोंडी घालू नका, सही करण्याचा आदेश लेखी मागा.

कपातींचंही बघा. आयकर, शासकीय निवासस्थानाचं भाडं, शासनाकडून घेतलेल्या अग्रिमांचे हप्ते कापले जातात. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कापायची नसते. पतसंस्थेचा हप्ता आणि विमा तुमच्या लेखी संमतीशिवाय कापता येत नाही. पतसंस्थेत जाऊन स्वतः बोला, नाहीतर तुमचे जामीनदार, म्हणजे शेजारच्या टेबलावरचे सहकारी, तुमच्यावर नाराज होतील आणि पुढे साक्षीला त्यांचीच गरज पडते.

भत्ता न देता चौकशी रेटली तर ती चौकशीच सदोष ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये घनश्याम दास श्रीवास्तव प्रकरणात आणि पुन्हा १९९९ मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात सांगितलं आहे. भत्ता थकला असेल तर पत्रात हे दोन निकाल नुसते नमूद केले तरी लेखा शाखा हलते.

निलंबनातही तुम्ही शासकीय सेवकच असता. वर्तणूक नियम लागू असतात, रजा मंजूर होत नाही, परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही. वकिलाला भेटायला मुंबईला जायचं असलं तरी दोन ओळींचा अर्ज देऊन जा. विनापरवानगी गैरहजेरीचा नवा दोषारोप फुकटात कशाला द्यायचा?

४. कागद जमवा

- निलंबनाचा आदेश, आणि तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट. टपालाच्या शिक्क्यावरून आदेश कधी मिळाला ते सिद्ध होतं आणि अपिलाची मुदत तिथूनच मोजली जाते.
- नेमणुकीचा, बढतीचा आणि शेवटच्या बदलीचा आदेश.
- सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीतली संबंधित पानं, मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल.
- गुन्हा दाखल असेल तर प्रथम खबर अहवाल, अटक व जामिनाचे कागद.
- निर्वाह भत्त्याची प्रमाणपत्रं आणि पोच असलेला सगळा पत्रव्यवहार, आवक क्रमांकासह.
- त्याच प्रकरणात इतर कोणी गुंतले असतील आणि त्यांना निलंबित केलं नसेल किंवा परत घेतलं असेल, तर ते आदेश.

यातलं जे हाती नाही ते माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा आणि मागणी मोघम ठेवू नका. "माझ्या निलंबनाची संपूर्ण माहिती" असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. "अमुक दिनांकाच्या निलंबन आदेशाच्या नस्तीतील टिप्पणी पृष्ठांच्या प्रती", "नियुक्ती प्राधिकाऱ्यास पाठवलेल्या अहवालाची जावक क्रमांकासह प्रत", "निलंबनाच्या आढाव्याच्या बैठकीचे इतिवृत्त" असं लिहा. तपासाला अडथळा होईल असं सांगून नकार देतात. त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करा, कारण अडथळा कसा होईल हे त्यांना सांगावं लागतं.

टिप्पणी मिळाली तर ती सोनं आहे. लिपिकाने काय प्रस्तावित केलं, मधल्या अधिकाऱ्याने "निलंबनाची आवश्यकता वाटत नाही" असं लिहिलं होतं का, वरून फक्त "चर्चा करा" असा शेरा येऊन दुसऱ्या दिवशी प्रस्ताव कसा बदलला, हे सगळं समासात दिसतं.

५. अपील: ४५ दिवसांच्या आत

निलंबनाच्या आदेशाविरुद्ध अपील करता येतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. ते विनंती अर्ज करत राहतात: साहेबांना, मंत्रालयात, पालकमंत्र्यांना. विनंती अर्ज म्हणजे अपील नव्हे, आणि एकामागून एक अर्ज केल्याने मुदत वाढत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. एस. राठोड प्रकरणात पक्कं करून टाकलं आहे. राजकीय शिफारस आणणं तर वर्तणूक नियमांचाच भंग आहे.

अपील आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत, स्वतःच्या नावाने, अपील प्राधिकाऱ्याला उद्देशून करायचं. भाषा संयत ठेवा. राज्यपालांच्या नावाने निघालेल्या आदेशावर असं अपील नसतं, तिथे फेरविचाराचा अर्ज आणि मग मॅट.

अपिलात काय लिहायचं? १९९४ च्या बिमल कुमार मोहंती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की निलंबन हा नेहमीचा यांत्रिक सोपस्कार असू नये. आरोपाचं गांभीर्य आणि हाती असलेला पुरावा यांचा विचार करून तो आदेश निघाला पाहिजे. म्हणून तुमच्या प्रकरणाला लावून लिहा: सगळी कागदपत्रं जप्त झाली आहेत, त्यामुळे फेरफाराची शक्यता नाही. साक्षीदार दुसऱ्या कार्यालयातले आहेत, त्यांच्यावर माझा प्रभाव नाही. आरोप सिद्ध झाला तरी किरकोळ शिक्षेपलीकडे जाणारा नाही. गरज वाटल्यास माझी बदली अन्य ठिकाणी करता येईल. हे शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात, पण "यांना त्याच खुर्चीवर कसं बसवायचं?" या आक्षेपाची हवा त्यानेच निघते.

आकसाचा आरोप करायचा असेल तर विचार करून करा. पुढे मॅटमध्ये त्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं आणि तपशील द्यावे लागतात. पुरावा नसेल तर हा मुद्दा सोडून दिलेला बरा.

६. नव्वद दिवसांचा हिशेब

माझ्या मते बहुतेक प्रकरणांत सगळ्यात दमदार मुद्दा हाच असतो. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र (विभागीय चौकशीतले आरोप लेखी मांडणारा कागद) बजावलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये. आणि बजावलं असेल तर निलंबन वाढवण्यासाठी सकारण आदेश हवा. त्यावरून राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला. आपला आधार हा. त्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याची दक्षता घ्यायला सांगितलं आहे, आणि ते झालं नाही तर निलंबन संपवण्यावाचून पर्याय राहत नाही हेही मान्य केलं आहे. लाचेच्या प्रकरणांतही विभागीय दोषारोपपत्र याच मुदतीत द्यायचं आहे आणि त्यासाठी लागणारे कागद लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुरवायचे आहेत. त्यामुळे "गुन्ह्याचा तपास चालू आहे" हे कार्यालयाचं उत्तर पुरेसं नाही.

कॅलेंडरवर नव्वदावा दिवस आजच लिहून ठेवा. दोषारोपपत्र तयार होऊन साहेबांच्या टेबलावर पडून असणं म्हणजे बजावणं नव्हे. पण उलट बाजूने चलाखीही करू नका. पाकीट घ्यायला नकार दिलात की पोस्टमन "घेण्यास नकार" असा शेरा मारतो आणि ती बजावणीच धरली जाते.

नव्वद दिवस उलटले की राज्याच्या नियमांत निलंबन आपोआप गळून पडत नाही. कामावर जाऊन बसू नका, हजेरीपटावर सही करू नका. एक्क्याण्णवाव्या दिवशी दीड पानाचं पत्र द्या: आदेशाचा दिनांक, ९० दिवस संपल्याचा दिनांक, दोषारोपपत्र मिळालेलं नाही, २०१९ चा शासन निर्णय, आणि निलंबन मागे घेऊन पुनःस्थापना करण्याची मागणी. शासन निर्णयाची प्रत जोडा, आस्थापना शाखेत तो सापडेलच असं धरू नका.

२०१८ मध्ये तमिळनाडूच्या एका आयपीएस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा म्हटलं की प्रदीर्घ निलंबनाने काही साधत नाही, हवं तर बिनमहत्त्वाच्या पदावर नेमा. आपल्याकडे यालाच अकार्यकारी पद म्हणतात.

७. मॅट

थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर आधी न्यायाधिकरण, त्याच्या निकालावर उच्च न्यायालयाचं खंडपीठ, असा क्रम ठरला आहे. मॅटची पीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तुमच्या जिल्ह्याप्रमाणे पीठ ठरतं.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम १९ खाली मूळ अर्ज दाखल होतो. कलम २० म्हणतं की साधारणपणे आधी उपलब्ध अपील वापरलेलं असावं. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर ते वापरलं असं धरतात. त्या "साधारणपणे" मध्ये वाव आहे. नव्वद दिवस उलटले आहेत किंवा आदेश काढणाऱ्याला अधिकारच नव्हता अशा प्रकरणात आधी येण्याचं कारण वेगळ्या परिच्छेदात लिहा. मुदतीची मर्यादा कलम २१ मध्ये आहे: अंतिम आदेशापासून एक वर्ष, किंवा अपील पडून असेल तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष.

मागण्या उतरत्या क्रमाने ठेवा. मुख्य मागणी आदेश रद्द करण्याची. अंतरिम मागणी स्थगितीची. आणि पर्यायी मागणी: निलंबनाचा आढावा ठराविक आठवड्यांत घेऊन सकारण निर्णय द्यावा, थकीत निर्वाह भत्ता द्यावा. ही पर्यायी मागणी मुद्दाम घाला. मॅट बऱ्याचदा एवढाच आदेश देतं आणि कित्येकांची पुनःस्थापना त्या आढाव्यातूनच होते.

अंतरिम आदेशासाठी अर्जाची प्रत समोरच्या बाजूला आधी द्यावी लागते, ती देऊनच तारखेला जा. नोटीस निघाली की "हमदस्त" मंजूर होतं, म्हणजे ती नोटीस तुम्ही स्वतः प्रत्येक प्रतिवादी कार्यालयात नेऊन द्यायची, शिक्का-सहीची पोच घ्यायची आणि बजावणीचं प्रतिज्ञापत्र दाखल करायचं. एका कार्यालयाची पोच राहिली तर पुढची तारीख त्यातच जाते. पहिल्या तारखांना सरकारी बाजू उत्तरासाठी वेळ मागेल, तो मिळेलही. ऐन वेळी मागच्या तारखेचं दोषारोपपत्र दाखवलं तर जावक नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागून ठेवलेली कामी येते.

८. आदेश मिळाल्यावर

पुनःस्थापनेचा आदेश आला की त्याच दिवशी रुजू अहवाल द्या, प्रतीवर वेळेसह पोच घ्या. नेमणूक दुसऱ्या तालुक्यात असेल तरी आधी रुजू व्हा, मग बोला. मॅटचा आदेश असून रुजू करून घेत नसतील तर प्रमाणित प्रत जोडून लेखी अहवाल द्या आणि वकिलाकरवी अवमान अर्जाची सूचना पाठवा.

विभागीय चौकशी मात्र चालूच राहते. निलंबन काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, वेतनातला फरक किती द्यायचा, हे निर्वाह भत्त्याच्या त्याच १९८१ च्या नियमांतल्या नियम ७२ प्रमाणे ठरतं. पूर्ण वेतन नाकारायचं असेल तर आधी तुम्हाला नोटीस द्यावी लागते. ती आली तर मुदतीत उत्तर द्या, कारण वेतनवाढी आणि निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी (अर्हताकारी) सेवा त्याच आदेशावर अवलंबून असते. आणि तो आदेश सेवापुस्तकात नोंदला गेला की नाही हे स्वतः पान उघडून बघा.